टर्बो थंड होईपर्यंत

सज्जनहो, चित्त इकडे द्यावे! पेटीवाल्या काकांनी सूर धरलेला आहे, देव समोर उभा आहे, आणि मी आज आपणांस एक अगदी साधा प्रश्न विचारणार आहे. यंत्राचा वेग वाढविला, तर मनुष्य लवकर पोहोचतो काय?

हसू नका! "बुवा, हे काय विचारणे झाले? पोहोचणारच की!" — असे ते खांबाजवळचे गृहस्थ मान डोलावून सांगत आहेत. ठीक! आपली मान तशीच असू द्या, महाराज. आख्यान संपले की पुनश्च आपल्याकडेच पाहीन.

तर आपल्याच कृष्णाकाठचे एक ग्राम. नाव उच्चारीत नाही. त्या घरची माणसे अद्याप शोकात आहेत. तेथे यशवंत अण्णा खोत नामक सद्गृहस्थ राहत असत. एस.टी.चे ड्रायव्हर! उभे आयुष्य स्टिअरिंगवर गेले. पण मंडळी, या माणसाचे एक व्रत होते. लांबच्या पल्ल्याहून गाडी आली, उतारू उतरले, कंडक्टरही चहाला पळाला — तरी अण्णा आपले जागेवरच! इंजिन धीम्या लयीत चालू, आणि अण्णांचा हात सीटशेजारच्या बॉनेटवर. जणू दमून आलेल्या बैलाच्या पाठीवर! कुणी विचारले, "अण्णा, उतरत का न्हाई?" तर उत्तर ठरलेले — "धावून आलीया. एकदम गळा दाबू नये तिचा. जरा दम खाऊ दे."

हे वाक्य स्मरणात ठेवा. मी पुढे त्याच वाक्यापाशी येऊन रडणार आहे.

अण्णांचे एकुलते चिरंजीव इंद्रजित. एक बहीण, सुरेखा, गावातच दिलेली. इंद्रजित पुण्यनगरीत मोठ्या कारखान्यात नोकरीला, आणि त्याने एक मोटार घेतली. मोटार म्हणजे कशी? दोन दारांची, बुटकी, लालभडक! अण्णांनी तिला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आमच्या एस.टी.त चढायला पायरी होती. हिच्यात उतरायला पायरी बसीव!"

सगळे हसले. अण्णा मात्र एकाएकी गंभीर झाले. म्हणाले, "इंद्रा, जलमभर लोकांच्या आई-बापाला मी दत्ताच्या वाडीला न्हेलं. मला आन तुझ्या आईला कुणी न्हेलं न्हाई. एकदा हिच्यातनं आमा दोघास्नी दत्ताच्या पाया घालून आण."

"आणतो की अण्णा. पहिलं जरा गाडीचं काम करून घेतो."

काम कसले? गाडी बिघडली होती काय? छे! गाडी ठणठणीत! परंतु तृष्णा, मंडळी, तृष्णा! मूळच्या टर्बोच्या जागी मोठा टर्बो बसवायचा होता. आता टर्बो म्हणजे काय, हे आमच्या मायमाउल्या विचारतील. लोहाराचा भाता पाहिलात ना? भाता फुंकला की निखारा फुलतो. तसे हे यंत्र इंजिनाच्याच धुराड्यातल्या वाऱ्याने गरगर फिरते आणि इंजिनाला अधिक हवा फुंकते. मोठा भाता — मोठी आग! पाय दाबला की शिट्टी काय वाजते... श्शूऽऽऽ!

पण हा पाहुणा एकटा येत नाही! मागोमाग त्याचे व्याही, मेहुणे, साडू! टर्बो बसला, तो क्लच घसरू लागला. क्लच बदलला, तो इंजिन तापू लागले. मोठा रेडिएटर आला. मग वेगाला पुरतील असे ब्रेक! दर खेपेस आईचा फोन, "कधी येतोस रे? ह्यांनी टोपी धुऊन ठेवलीया वाडीसाठी." आणि दर खेपेस उत्तर, "एवढं एक झालं की आलोच."

अखेरीस आला. शिट्टी वेशीवरूनच ऐकू आली. अण्णा टोपी घालून बाहेर! दार उघडून आत वाकून पाहतात, तो काय —

"आरं, मागची सीट कुटं गेली?"

"काढली अण्णा. उगाच वजन होतं."

"वजन? तुझ्या आईचं तर चिपाड झालंय!"

"तसं न्हवं अण्णा. गाडी हलकी झाली की पळते."

"मग आमी दोघं कसं जायाचं?"

"एकेकाला नेतो की. आज तुम्ही, उद्या आई."

अण्णांनी हळूच टोपी काढली. "देवाच्या दारात जोडीनं जायाचं असतंय, इंद्रा. ऱ्हाऊ दे. सीट बसीव, मग जाऊ."

सीट बसली काय? आपण सांगा! ...आपणांस ठाऊक आहे. आपल्याही घरी अशा कितीतरी सीटा बसवायच्या राहिल्या आहेत.

पुढे काय झाले? अण्णांनी अंथरूण धरले. वैद्यांनी हात टेकले, आणि अण्णांची इच्छा म्हणून त्यांना घरी आणले. अंगणाकडच्या खिडकीशी खाट टाकली. एके दिवशी सकाळी सुरेखाने भावाला फोन केला. "दादा, अण्णा तुझंच नाव घ्यायलेत. जसा असशील तसा ये."

आणि इंद्रजित निघाला! मंडळी, त्याच्या पितृप्रेमाविषयी शंका घेऊ नका. तो धाय मोकलून रडत निघाला. राजमार्गावर ती लाल मोटार बाणासारखी सुटली. मनात एकच — बरे झाले मोठा टर्बो बसवला! आज याचे सार्थक होणार! वाऱ्यालाही मागे टाकीत तो गावाच्या वेशीत शिरला. श्शूऽऽऽ! अंगणात गाडी थांबली. खिडकी समोर. खिडकीच्या पलीकडे बाप.

आणि हात चावीवर गेला... आणि तेथेच थांबला.

का थांबला? गॅरेजवाल्याने बजावले होते, "साहेब, हा टर्बो जोरात पळवून आलात, तर एकदम बंद करायचा नाही. आतलं चाक लालबुंद असतं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आणि थांबलेलं तेल तिथंच जळतं. दोन-चार मिनिटं चालू ठेवा. नाहीतर सगळं काम वाया!"

सुरेखा धावत ओसरीवर आली. "दादा, आत ये!"

"आलोच! टर्बो तापलाय, जरा थंड होऊ दे."

"आरं, चालूच ठीव आन ये!"

"चावी सोडून? गल्लीतली पोरं हात घालतील. हे काय, आलोच मी!"

दोन-चार मिनिटे, मंडळी! जास्त नव्हे. एरवी आपण पान जुळवण्यात घालवतो, तेवढी. मग त्याने इंजिन बंद केले. शांत झाले सारे. आणि त्या शांततेत त्याला आतून आईचा हंबरडा ऐकू आला.

तो उंबऱ्यावर कोसळला. "आई, मी आलो होतो गं! मी दारातच होतो!"

आक्काताई, त्याची माउली, त्याच्या केसांतून हात फिरवीत म्हणाली, "ठावं हाय त्यास्नी. शिट्टी ऐकली त्यांनी. म्हनले, 'आला बघ.' मी म्हनलं, 'हाक मारू का?' तर म्हनले, 'नको. गाडीला दम खाऊ देतोय. शिकीवलेलं ध्यानात हाय पोराच्या.' जरा हसले... आन मग डोळं मिटलं."

(म्हणा, गुरुदेव दत्त! मोठ्याने म्हणा, मला क्षणभर पाणी पिऊ द्या.)

बापाने शिकवलेले पोराने पाळले. यंत्रासाठी पाळले! लोखंडाला दम मिळाला, आणि बापाचा तेवढ्यात संपला. गॅरेजात जे मोजले ते पैसे होते, मंडळी. मोल त्या अंगणात चुकते झाले.

पुढे रक्षा घेऊन वाडीला जायचे ठरले. भाऊबंद म्हणाले, जीप करू. आक्काताईंनी ऐकले नाही. त्या लाल गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, फडक्यात बांधलेला कलश मांडीवर घेतला, आणि कलशाला म्हणाल्या, "बसा नीट." दोघे जोडीने निघाली. आता मागची सीट लागत नव्हती.

इंद्रजितने गाडी इतकी सावकाश हाकली, की सायकलवाले पुढे गेले. शिट्टी एकदाही वाजली नाही. वाडीच्या संगमावर पोहोचताच त्याने तत्क्षणी चावी फिरवली. खट्!

आईला वाईट वाटले. "आरं, जरा दम खाऊ दे की तिला. अण्णा काय सांगायचे?"

"न्हाई आई. आज न्हाई." असे म्हणून तो उतरला आणि धावत आईच्या बाजूचे दार उघडायला गेला.

तर खांबाजवळचे महाराज! प्रश्न तोच आहे. वेग वाढविला तर मनुष्य लवकर पोहोचतो काय?

...मान हलत नाही आता. असो. मी आपणांस दोष देत नाही. या मंडपाबाहेर आपली वाहने उभी आहेत, आणि घरोघरी कुणीतरी त्यांचा आवाज ओळखून, दाराकडे कान लावून पडले आहे. आता आरती होईल. पण ज्यांची घरी अशी कुणी वाट पाहत असेल, त्यांनी आरतीला थांबू नये. चपला घाला आणि सरळ आत, खाटेपाशी जा. देव रागावणार नाही. प्रसाद मी पाठवून देईन.