दिलीपची शिट्टी

त्या मंगळवारी सकाळी मी रावेतच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने कबड्डीच्या रेषा आखत होतो, तेव्हा चिखलीहून एका मुलीचा फोन आला. "सर, दिलीपसर सराव घेताना कोसळले. दवाखान्यात नेलं, पण गेले."

दिलीप माझा मावसभाऊ. दोघेही प्रशिक्षक, पण मी ओरडणारा आणि दिलीप हसवणारा. चाकणच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो थेट चिखलीच्या मुलींच्या सरावाला जायचा.

त्या मंगळवारच्या पंधराच दिवस आधी त्याने गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे धरली होती. "दादा, आठ दिवस माझ्या मुली सांभाळ. शिट्टी तोंडाशी नेली की हात कापतो. भीती वाटते."

"तुला कसली भीती? तुला तर तुझ्या मुलीही घाबरत नाहीत."

"म्हणून तर तुला बोलावतोय. आठ दिवस तुझा आरडाओरडा ऐकला की त्या मला देव मानतील."

मी हसलो आणि शिट्टी पुन्हा त्याच्या गळ्यात घातली.

आता शिट्टी उचलली की माझा हात कापतो. मैदानावर फोन वाजला की मी तो घेत नाही. चिखलीच्या मुली रोज सकाळी येऊन थांबतात म्हणे. मी अजून गेलेलो नाही.