ऑस्टबीचे दुसरे कार्ड

नाव ओरेस्ट बाबियाक, वय सत्त्याहत्तर. पूर्वी धान्याच्या कोठारावर कामाला, आता निवृत्त. शिक्षण सातवीपर्यंत. राहणार स्प्रूस रस्ता, क्रेन लँडिंग, मॅनिटोबा.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो ते असे. आधी उशिराबद्दल माफी मागतो. कॉन्स्टेबल गॉतिए बाईंनी मला जबाबासाठी बोलावले त्याला आठवडा उलटून गेला. मी दोनदा निघालो होतो. एकदा पेट्रोल पंपापर्यंत येऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा ठाण्याच्या आवारात गाडी लावली, पण इंजिन बंद केले नाही, आणि थोड्या वेळाने घरी गेलो. बाईंनी फोनवर विचारले होते की लिफाफा पाठवणारा तुमचा कोण लागतो. ते लिहून द्यावे लागणार हे मला ठाऊक होते. पुढे लिहिले आहे.

आमच्या रस्त्यावर टपाल घरपोच येत नाही. कोपऱ्यावर लोखंडी पेटी आहे, तिच्यात प्रत्येक घराचा एक कप्पा आणि ज्याची त्याची किल्ली. गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी ती पेटी उचकटलेली दिसली. पुढचा पत्रा पहारीने वाकवला होता आणि लोकांची बिले, बँकेची पत्रे बर्फात पडली होती. मी तिथे पहिला पोचलो. बाईंनी विचारले की इतक्या सकाळी तुम्ही तिथे कसे. मी रोज जातो. टपाल दिवसातून एकदाच येते हे मला कळते, तरी तीन-चारदा जातो. शेजारीण जॉयस टॉमासन साक्ष देईल. ती खिडकीतून ओरडते, "ओरेस्ट, कुणाचं प्रेमपत्र येणार आहे रे? तुझ्या बुटांनी रस्ता इतका गुळगुळीत झालाय की एक दिवस मीच आपटेन."

त्या सकाळी जॉयससुद्धा खाली आली आणि पत्रे गोळा करू लागली. तिच्या हाताला एक पिवळा लिफाफा लागला. ती म्हणाली, "हे घे, तुझंच आहे. अक्षर पण तुझंच. स्वतःलाच पत्र लिहायला लागलास की काय?" लिफाफा वरून फाडलेला होता. आत माझेच दोन पुठ्ठे होते आणि निळी चिकटपट्टी होती. बाकी काही नव्हते. मी बर्फात पुष्कळ शोधले. जॉयसने मला हाताला धरून घरात नेले, कारण मी मोजे घातले नव्हते.

माझ्या अक्षरातला लिफाफा मला कसा आला, हे बाईंनी लिहायला सांगितले. खेळाडूंची चित्रे छापलेली हॉकीची कार्डे गोळा करणाऱ्यांत एक रीत आहे. खेळाडूचे कार्ड त्याच्या संघाच्या पत्त्यावर पाठवायचे, सोबत आपला पत्ता घातलेला आणि तिकीट लावलेला रिकामा लिफाफा ठेवायचा. त्याला वाटले तर तो सही करून त्याच लिफाफ्यातून कार्ड परत पाठवतो. काहींचे पंधरा दिवसांत येते, काहींचे कधीच येत नाही. खेळाडू नवा असेल तर दोन कार्डे पाठवतात. एक सहीसाठी, एक त्याने स्वतःजवळ ठेवावे म्हणून. हे मला मर्व्ह फ्रीसनने सांगितले. मुख्य रस्त्यावर कार्डांचे दुकान आहे ते त्याचे.

मी हंगामाच्या सुरुवातीला दोन कार्डे पाठवली, वाकू नयेत म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून आणि निळी पट्टी चिकटवून. दोन्ही ब्रेडन ऑस्टबी या खेळाडूची. तो बचावपटू आहे, मोठ्या लीगमध्ये त्याचा हा पहिलाच हंगाम. एक कार्ड साधे होते, मर्व्हच्या दुकानात फोडलेल्या पुड्यातून निघालेले. त्याच्यावर छपाईतली एक बारीक पांढरी रेघ आहे, ऑस्टबीच्या हातमोज्यावरून बर्फापर्यंत जाते. दुसरे कार्ड आकड्याचे. तसल्या कार्डाच्या नव्व्याण्णवच प्रती निघतात आणि प्रत्येकीवर तिचा क्रमांक सोनेरी अक्षरात असतो. माझी अठ्ठावन्नावी होती. ऑस्टबीच्या जर्सीवरचा आकडाही अठ्ठावन्न. खेळाडूच्या पाठीवरचा आकडा ज्या प्रतीवर येतो तिला आमच्यात वेगळा मान असतो. ती रेजायना शहरातल्या एका माणसाकडे होती. बदल्यात मी त्याला जुन्या कार्डांची एक पेटी दिली. ती पेटी माझी बायको एमिली हिने मला लग्नानंतर घेऊन दिली होती. ती चोरीला गेलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही.

मर्व्ह तेव्हा म्हणाला, "ओरेस्ट, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ऑस्टबी कधीमधी खेळणारा गडी. त्याची कार्डं जमवणारा अख्ख्या देशात तू एकटा. त्याच्या आईकडेसुद्धा एवढी नसतील."

मी कार्ड खिशात घातले आणि घरी आलो.

ब्रेडन ऑस्टबी हा माझी मुलगी लारिसा हिचा मुलगा. म्हणजे माझा नातू.

मर्व्हला हे माहीत नव्हते. जॉयसला असावे, ती बोलत नाही. लारिसा तिच्या आईच्या अंत्यविधीनंतर इथून गेली, तेव्हा ब्रेडनला स्केटची नाडी स्वतः बांधता येत नव्हती. ती का गेली याचा या चोरीशी संबंध नाही. बाईंनी ते दुसऱ्यांदा विचारले नाही, त्यांचे आभार.

सोबत चिठ्ठीत काय लिहिले होते, असे बाईंनी विचारले. लिहिले होते ते असे: प्रिय श्री. ऑस्टबी, मी तुमचा खेळ पहिल्या सामन्यापासून बघतो. उलटे घसरत जाताना तुम्ही डावा खांदा खाली नेता, ते चांगले आहे, कुणी मोडायला सांगितले तरी मोडू नका. साध्या कार्डावर सही करून ते परत पाठवावे. आकड्याचे कार्ड तुमच्यासाठी आहे, ठेवून घ्यावे. खाली माझे पूर्ण नाव आणि पत्ता. आधीच्या एका चिठ्ठीत खाली 'तुझा गीदो' असे लिहिले होते. आमच्या युक्रेनी घरांत आजोबांना गीदो म्हणतात. ती चिठ्ठी पाठवली नाही. बाबियाक हे नाव त्याच्या आईचे माहेरचे नाव आहे, ते त्याने कुठेतरी ऐकले असेलच. किंवा नसेलही. घरात माझे नाव निघते की नाही हे मला माहीत नाही.

आता विकायला आलेल्या माणसाबद्दल. चोरीनंतर तीन-चार दिवसांनी मर्व्हचा दुकानातून फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता. म्हणाला, "ओरेस्ट, लवकर ये. एक जण ऑस्टबीचं सही केलेलं कार्ड घेऊन आलाय. इतकी वर्षं धंदा करतोय, ऑस्टबी विकायला कुणी आणला नव्हता. आणि आणला तर आणला, वर म्हणतो काय, दुर्मीळ आहे. मला तेव्हाच वास आला."

मी गेलो. काउंटरपाशी तिशीतला एक माणूस उभा होता, टोपी न काढता. काउंटरवर माझे साधे कार्ड होते. पांढरी रेघ मी लगेच ओळखली. निळ्या शाईत सही केलेली होती, खाली अठ्ठावन्न. मर्व्ह त्याच्याशी उगाच घासाघीस करत वेळ काढत होता. त्याने बायकोला पोलिसांना फोन करायला आधीच मागच्या खोलीत पाठवले होते. मर्व्हने त्याला विचारले, "ऑस्टबीचं आणखी एखादं आहे का? दोन असतील तर दोन्ही घेतो."

तो माणूस म्हणाला, "असेल."

मर्व्ह म्हणाला, "असेल म्हणजे? आहे की नाही?"

तो म्हणाला, "आधी याचं बोल."

एवढेच बोलणे झाले. मी शेजारी उभा होतो, मी ऐकले. मग पोलीस आले. त्याच्या गाडीत लोकांचे धनादेश आणि बँकेची कार्डे सापडली, असे मला नंतर कळले. हॉकीचे दुसरे कार्ड गाडीत सापडले नाही.

आज ठाण्यात आल्यावर बाईंनी मला ते साधे कार्ड पारदर्शक पिशवीत घालून दाखवले. मी मागची बाजू बघायला मागितली. त्यांनी पिशवी उलटी केली. मागे छापील मजकूर होता, उंची, वजन, जन्मगाव. हाताने लिहिलेले काही नव्हते. मी पुन्हा पुढची बाजू मागितली, मग पुन्हा मागची. बाई म्हणाल्या, "मिस्टर बाबियाक, काळजी करू नका. खटला संपला की हे तुम्हाला परत मिळेल. दुसऱ्याची किंमत किती धरू?"

मी म्हणालो, किंमत धरू नका.

"असं कसं? चोरीत ते दाखवायला हवं."

मी म्हणालो, ते चोरीला गेले की नाही हेच मला माहीत नाही.

हे मला नीट लिहायचे आहे, म्हणून इथे सावकाश लिहितो. लिफाफ्यातून दोन्ही कार्डे परत आली असतील, तर आकड्याचे कार्ड त्या माणसाने कुठेतरी विकले किंवा लपवले आहे. म्हणजे ब्रेडनने ते ठेवले नाही. माझे नाव वाचून ठेवले नाही, की न वाचता सगळेच परत टाकले, ते कळायला मार्ग नाही. लिफाफ्यात एकच कार्ड आले असेल, तर दुसरे त्याच्याकडे आहे. त्याने ठेवून घेतले. तो माणूस 'असेल' म्हणाला. विकणारा माणूस दुसरे नसतानाही 'असेल' म्हणतो, भाव वाढावा म्हणून. असतानाही म्हणतो. या एका शब्दावर मी इतके दिवस काढले आहेत. जॉयस म्हणते, "तुझी दाढी वाढली आणि ताटातली पिरोगी तशीच पडलीय, जेवत जा." मी जेवतो.

बाई म्हणाल्या, "त्यालाच फोन करून विचारा ना. नातू आहे तुमचा."

मी म्हणालो, हंगाम चालू आहे.

बाई म्हणाल्या, "मिस्टर बाबियाक."

मी म्हणालो, विचारले तर तो सभ्यपणे सांगेल की ठेवले आहे. त्याला काय, कार्ड कसे दिसते तेही आठवणार नाही. संघातली पोरे म्हाताऱ्यांशी सभ्यपणेच बोलतात. बाईंनी मला कॉफी आणून दिली.

घाई का आहे तेही लिहितो. गेले काही सामने ब्रेडनला खेळवलेले नाही. तो कोट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसतो, टीव्हीवर एकदा दाखवले. रेडिओवर म्हणतात की खेळाडूंची अदलाबदल बंद होण्याच्या तारखेआधी त्याला दुसऱ्या संघाला देतील, नाहीतर खालच्या लीगमध्ये पाठवतील. ती तारीख मार्चच्या सुरुवातीला आहे. एकदा तो हलला की जुन्या पत्त्यावरचे टपाल त्याच्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते. मर्व्हकडे अशी किती पाकिटे परत आली आहेत. कार्ड एकच आले असेल, तर तो तिथे आहे तोवर मला त्याला पुन्हा लिहायचे आहे. या वेळी खाली काय लिहायचे ते मी ठरवले आहे. दोन आली असतील तर लिहिणार नाही. त्याला त्रास देणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. तो माणूस तुमच्या ताब्यात आहे. त्याला फक्त एवढे विचारावे की त्या पिवळ्या लिफाफ्यात कार्ड एक होते की दोन. पण विचारायच्या आधी त्याला सांगावे की दुसऱ्या कार्डाबद्दल माझी तक्रार नाही, ते त्याच्यावर लावले जाणार नाही, हवे तर त्याने ते ठेवावे. हे आधी सांगणे फार जरुरीचे आहे. नाहीतर तो स्वतःला वाचवायला 'एकच होतं' म्हणेल. चोरी कमी दिसावी म्हणून कुणीही तसेच म्हणेल. आणि तो 'एक' म्हणाला की मी लगेच खरे मानीन. मला तेच ऐकायचे आहे, हे मला माहीत आहे. घाबरून सांगितलेले 'एक' मला नको. त्यापेक्षा दोन असतील तर दोन सांगा, मी ऐकून घेईन.

बाई म्हणाल्या की अशी सूट देणे त्यांच्या हातात नाही, सरकारी वकिलांना विचारावे लागेल. माझी काही हरकत नाही, विचारावे. साधे कार्डसुद्धा खटल्याला लागेल तेवढे दिवस ठेवा. मला त्याची घाई नाही.

वरील सर्व मजकूर कॉन्स्टेबल गॉतिए बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी माझे अक्षर लागले नाही, तिथे मी तोंडाने सांगितले आणि त्यांनी वर स्वच्छ लिहिले. 'माझा नातू' ही ओळ हवी तर खोडता येईल, खटल्याला तिची गरज नाही, असे त्या म्हणाल्या. मी ती राहू दिली. लिहिले ते खरे आहे, कुणी सांगून लिहून घेतलेले नाही. खाली सही करतो.

माझा फोन दिवसभर चालू असतो. मी पेटीपर्यंत गेलो असलो तर पाच मिनिटांत परत येतो, घंटी थोडी जास्त वाजू द्यावी. उत्तर काहीही असो, तारखेच्या आत कळवावे. एक की दोन, एवढेच. कृपा करून लवकर कळवा.

ओरेस्ट बाबियाक