अप्पारावाचा पिक्चर

न्हाई, तुम्हीच सांगा, अर्धा पिक्चर दाखवून लाइट जावी, ही काय रीत झाली? आन् तीबी कधी, तर पडद्यावरचे हिरव्या अंगाचे लोक आता उठतेत का मंग उठतेत, नेमकं तव्हाच!

तुम्हाला सांगतो, शहाऐंशी साल आसंल. हसनाबादच्या जत्रंत व्हिडिओ आल्ता. पिक्चर सगळा इंग्रजी, कोणाला काय कळणार? मंग आमच्या गल्लीतले अप्पाराव उठले, तंबाखू थुंकली, माइक धरला आन् झाले सुरू. त्यांला तरी इंग्रजी कुठं येत होतं! आभाळातून थाळी उतरली, बूटवाला साहेब बाहेर आला, की अप्पाराव गुरगुरले, "ए हिरव्या, आजपासून नदी आमची! पाणी पाहिजे त आधी सलाम ठोक!" हिरवा म्हातारा पुढं आला, तसा अप्पारावाचा आवाज बदलला, "साहेब, नदी आमच्या आज्याची. तुम्ही पाव्हणे, तांब्याभर प्या आन् वाटंला लागा!" जत्रा टाळ्या पिटून राह्यली. माझी माय गोजरबाई रझाकाराच्या वक्ताला लहानपणी कडब्याच्या गंजीत लपल्ती. ती उभीच राह्यली, वरडली, "आरं, कुऱ्हाडी काढा की!"

...आन् गेली लाइट! ती रातभर आलीच न्हाई. सकाळी व्हिडिओवाला मंठ्याच्या रस्त्याला लागला.

तव्हापासून वावरात, जेवताना, अहो माझ्या हळदीतसुदीक मायचं एकच, "वसंता, त्या हिरव्यांला नदी मिळाली का रं?" काय सांगू? मलाबी तीच हुरहूर! मधी अप्पारावबी वारले. आता इचारायचं कोणाला?

आन् परवा बदनापूरला ठेसनाजवळ सीडी घावली. तीच थाळी, बिलकुल तोच साहेब, आन् हिंदीत बोलून राह्यलेला! पळतच घरी आलो, मायला पुढं बसवलं. शेवट आला... अहो, हिरवे उठलेच न्हाईत! थाळीतल्याच एका गोऱ्या गड्याला दया आली, त्यानंच लढाई केली, त्यानंच नदी दिली, आन् हिरव्यांनी त्यालाच राजा केला! लुटायला आलेल्याचाच सत्कार?

माय म्हणली, "बंद कर. ह्यो तो पिक्चर न्हाई. अप्पारावाचा लाव."

अप्पारावाचा! कोणत्या दुकानात मागू, सांगा?

मंग काय करता... आवाज बंद केला आन् रोज सांजच्याला मीच बोलून राह्यलो. हिरव्यांच्या हातात कुऱ्हाडी देतो, साहेबाला थाळीत कोंबतो, नदी मोकळी करतो, घसा बसतो माझा! माय शेवटपर्यंत बघती, पदरानं डोळे पुसती, आन् म्हणती, "बरं हाय रं... पण अप्पाराव आसते त मजा आली आसती."