ज्योतीची पोलीस चौकशी

टीव्हीवर ज्योती दिसली की आता सगळं बोरी गाव म्हणतं, आमची राजदूत! पण तिची नोकरी एका ओळीपायी जाणार होती, ते किती जणांना ठाऊक आहे?

परराष्ट्र खात्यात निवड झाल्यावर तिच्या वर्तनाची चौकशी करायला ठाण्यातून जमादार आला. शेजारीण म्हणून माझा जबाब घेतला.

"पोरगी कशी हाय, मावशी?"

"लय हुशार. कुणाला भीत न्हाई. ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारला तिनं."

त्यानं भराभर लिहिलं आणि शाईची डबी पुढं केली. "अंगठा द्या."

"आधी वाचू दे."

शाळा मी पाहिली नाही, पण वाचायला माझी मीच शिकले होते. कागदावर लिहिलं होतं, 'मुलगी उद्धट व भांडखोर आहे.'

"हे मी कवा म्हणलं?"

"अर्थ तोच की. बाईमाणसानं सरपंचाला जाब विचारायचा म्हंजे..."

"पोरानं विचारला असता तर काय लिहिलं असतंस?"

जमादार कागदाची घडी घालायला लागला.

"सरकार तिला परदेशात हळदीकुंकवाला धाडायलंय का? तिथं कुणी आपल्या देशावर डोळे वटारले तर खाली मान घालणारी काय कामाची?"

त्यानं नवा कागद काढला. मी सांगितलं तसं लिहिलं, 'मुलगी निर्भीड आहे.' मी खाली सही ठोकली.

जाता जाता पुटपुटला, "एवढं तोंड चालवायला त्या पोरीला शिकवलं कुणी?"

"म्याच," मी म्हणाले. "बस खाली. तेबी लिही."