काझीसाहेबांचं अर्धं वाक्य

मंडळी, बसलात ना नीट? टाळकरी, जरा थांबा. आधी आजचा प्रश्न ऐका. ऐकून घेणं म्हणजे काय? समोरचा बोलतोय तोवर आपलं उत्तर तयार ठेवायचं — याला ऐकणं म्हणायचं का? हसू नका काकू, घरोघरी हेच चालतं! मी जन्मभर तुम्हाला 'ऐका, ऐका' म्हणत आलो. माझ्यावर ऐकायची वेळ आली तेव्हा काय केलं, ते आज सांगतो. आख्यान पुराणातलं नाही, माझ्या चुकीचं आहे.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथं दोन म्हातारे. एक बार्नबस मास्तर, ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेले. दुसरे मुनव्वर काझी, मशिदीत नमाज पढवायचे, मुलांना शिकवायचे. दर बुधवारी दोघं मास्तरांच्या ओसरीवर बसायचे, पुढ्यात दोघांचे धर्मग्रंथ. भांडायला? छे! भांडायला ग्रंथ कशाला, शेताचा बांध पुरतो.

ते शिकायला बसायचे. आणि नियम कसा, बघा — मास्तरांनी काझींचा धर्म समजावून सांगायचा, काझींनी मास्तरांचा. ज्याचा धर्म त्यानं गप्प ऐकायचं. शेवटी तो म्हणाला, "हो, आमचं म्हणणं असंच आहे," तर पुढचं पान. नाहीतर पुढच्या बुधवारी पुन्हा तेच.

येशूची आई मरियम दोघांच्याही ग्रंथात आहे, ठाऊक होतं का तुम्हाला? मला नव्हतं. काझींच्या ग्रंथात ती एकटी, खजुराच्या बुंध्याशी कळा सोसते, याआधीच मरण का आलं नाही म्हणते. ते सांगता सांगता मास्तर थांबले. म्हणाले, "काझीसाहेब, तिच्या त्या कळांबद्दल आमच्याकडं काहीच लिहिलेलं नाही हो. आमची लेक एस्तेर बाळंतपणातच गेली." काझींनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

पण एक पान दोघंही टाळत होते. क्रूसाचं. मास्तरांचा धर्म म्हणतो, येशू क्रूसावर मेला आणि त्यातच माणसाचं तारण. काझींचा म्हणतो, त्याला कुणी मारू शकलंच नाही, देवानं वर उचलून घेतलं. इथं वाटा फुटतात, मंडळी. गोड बोलून त्या एक होत नाहीत. सहा वर्षांनी दोघांनी हिंमत केली. पहिली पाळी काझींची. आणि साक्षीला बोलावलं कुणाला? मला! "बुवा, तुम्ही तिसऱ्या घरचे. नुसते बसा."

नुसतं बसणं — आणि कीर्तनकारानं! तिशीचा होतो, नाव नुकतं झालं होतं. मी येणार म्हणून ओसरीवर पंधरावीस माणसं जमलेली. काझी सांगू लागले, "मास्तरांचं म्हणणं असं, की देवानं माणसाचं दुःख लांबून बघितलं नाही. तो स्वतः त्यात उतरला. म्हणून तो मेला, आणि..." इथं ते अडले. कपाळावर घाम. आपल्याला न पटणारी गोष्ट तिच्या पुऱ्या मोलानं सांगायची होती त्यांना. मास्तर नुसते बघत होते.

आता आम्हा कीर्तनकारांची एक खोड. आम्हाला शांतता सोसत नाही. समोरचा थांबला की वाक्य आपणच पुरं करायचं आणि हशा घ्यायचा. मी म्हणालो, "म्हणजे काझीसाहेब, मान्य केलंत तर!"

हशा पिकला. टाळ्यासुद्धा पडल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं — काझी फिरला! चर्चबाहेर मास्तरांची पाठ थोपटली लोकांनी, "जिंकलंत." मशिदीत काझींना विचारलं, "मुलांना नेमकं काय शिकवता?" पुढच्या बुधवारी काझी आले नाहीत. मास्तर त्यांच्या दारी गेले.

"तुमच्यावर राग नाही, मास्तर," काझी म्हणाले. "पण आता मी काहीही बोललो तरी लोक त्यात हारजीत बघणार. माझ्याकडं मुलं पाठवायचं बंद करतील."

मास्तरांची पाळी राहिली ती राहिलीच. तीन महिने अभ्यास केला होता त्यांनी. दीड वर्षानं मास्तर गेले.

मातीला काझी आले होते. त्यांनीही मूठभर माती टाकली. मी त्यांना गाठलं, वाकलो, म्हणालो, "चुकलो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बुवा, मास्तर आमचं म्हणणं कसं सांगणार होते? तुमच्याशी कधी बोलले का?"

बोलले होते, मंडळी. आजारपणात मला बोलावून, खाटेवर उठून बसून, तासभर सगळं सांगितलं होतं — काझींना पोचवा म्हणून. आणि मी काय करत होतो? मान डोलवत होतो, आणि मनात माझ्या माफीची वाक्यं जुळवत होतो. चांगली जुळलीही होती! पण मास्तरांचा एक शब्द मला आठवेना. हजारो ओव्या पाठ असलेला माणूस मी! काझींनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "असू द्या," आणि चालू लागले. त्यांचा तो "असू द्या" अजून मला झोपू देत नाही.

आता तुमचं सांगा. मी बोलत होतो तेव्हा 'हे शेजारच्या अमक्याला लागू आहे' असं किती जणांच्या मनात आलं? तो अमका तुमच्याशी शेवटचं जे बोलला, ते त्याच्या शब्दांत सांगता येईल? नाही ना. मलाही नाही आलं.

आख्यान इथं ठेवतो. रिवाज आहे, पण आज माझ्या पाया पडायला पुढं येऊ नका. त्यापेक्षा घरी जा, ज्याचं बोलणं अर्ध्यात तोडलंत त्याच्यापुढं बसा, आणि म्हणा, "तुझं सांगायचं राहिलं होतं." तो अजून आहे तोवर.