तिसरं प्रकरण

कुरिअरवाल्याला सातव्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्ट खाली यायचं नाव घेत नव्हती. रांगेत त्याच्या पुढे सॉफ्टवेअर कंपनीतले एक साहेब आणि त्यांच्या टीममधली नवी मुलगी उभी होती.

"सर, तुम्ही दिलेलं पुस्तक वाचून झालं."

"प्रोजेक्ट वेळेत कसा संपवायचा, ते तिसऱ्या प्रकरणात फार सुंदर सांगितलंय. तीच प्रत अख्ख्या टीमने वाचलीय. मी तर दोनदा."

"त्या प्रकरणाची पानं जोडलेलीच होती, सर. छापखान्यात कापायची राहिली असणार. मी काल सुरीने कापली."

लिफ्ट आली. कुरिअरवालासुद्धा जागचा हलला नाही.

"आपण किती मागे आहोत?"

"सात महिने, सर."

"मग हळू आवाजात सांग. काय लिहिलंय त्यात?"