कुरुंदवाडचा रस्ता

न्हाय वो पावणं, ते सत्काराचं राहू द्या. शाल म्हणा, नारळ म्हणा, दुसऱ्या कुणाला तरी द्या. बसा. च्या घ्या. इथला च्या जरा ग्वाडच असतोय — भट्टीम्होरनं आलेली माणसं पितात न्हवं, साखर दाबून लागती त्यास्नी. माझा डबा झालाय, अर्धा तास हाय अजून सुट्टीतला. — पुण्यास्नं इथं शिरोली एमआयडीसीत, ह्या धुरळ्यात, एका ब्लॉगवाल्याला हुडकत आलाय, म्हणजे कमालच की तुमची. गेटवर काय विचारलंसा? ‘कोरं पान’वाले सोमेश सर कुठं भेटतील? — मग हसला असंल वॉचमन. इथं मला सर कोण म्हणत न्हाय. इथं मी ड्रॉइंगवाला सोमा. पंपाच्या बॉडीचं, व्हॉल्व्हच्या झाकणाचं ड्रॉइंग काढायचं, त्यावरनं लाकडी साचा हुतो, साच्यावरनं कास्टिंग. एक रेघ चुकली की आख्खी खेप भंगारात. त्यामुळं सरळ रेघंची सवय लागली, मोकळ्या जागंची सवय लागली. तेवढ्या भांडवलावर मी जगाला वेबसाइट कशी काढावी ते शिकवाय निघालतो.

ब्लॉग बंद का केला? — दमलो, आणि काय. दहा वर्सं झाली की वो. नव्याण्णव साली सुरू केलं, तवा ब्लॉग हा शब्दपण ठावं न्हवता. नेटवर फुकट मिळायची तसली एक जागा घेतली आणि दर आठवड्याला एक पान लिवायला लागलो. मराठीत. मराठी अक्षर उमटायला वाचणाऱ्यानं आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा — कितीजण घेणार? चौदा. पयल्या वर्साला चौदा वाचणारे, त्यातला एक मीच, सायबर कॅफेत बसून बघायचो नीट दिसतंय का. मग युनिकोड आलं, ब्लॉग आले, वाचणारे वाढले. चांगलं वाटायचं, खोटं कशाला बोलू? नांदेडचा कोणतरी लिवायचा, सर तुमच्यामुळं दुकानाची साइट केली. दुबईत एक बाई हुत्या, त्यांनी तर सगळे लेख छापून फायल केलती. — पण त्येच त्येच सांगायचं. दोन वर्सात मी लिवलेलं शिळं. आदी शिकवलं पान टेबलात, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटीत बसवा, मग सांगत बसलो टेबलं मोडा. आणि पत्रं! सर, तयार करूनच पाठवा. सर, माझ्या मेव्हण्याची साइट करून द्या, घरचंच काम हाय. आणि कमेंटीत ती इंग्रजी औषधांची जाहिरात, दिसामाजी पन्नास पुसायच्या. आमची सौंदर्या म्हणायची, अहो, पोरीला पाढे शिकवा की जरा, त्या दुबईच्या बाईला शिकवण्यापरास. बायको माझी. बरोबर बोलायची.

पण तुमी दमणं हेच कारण म्हणून लिवून घ्याल, आणि तेवढंच छापाल — न्हाय, लिवू नका. वही ठेवा आत. नुसतं ऐका.

तुमी पण आयतवारचं सदर वाचायचासा न्हवं? ‘झाडू’. बघा, हसलासा. सगळ्यास्नी तेच आवडायचं. सोमवार ते शनिवार मी रंग शिकवतोय, अक्षराचं माप शिकवतोय, कुत्रं विचारत न्हाय. आयतवारी एक वंगाळ वेबसाइट घ्यायची आणि झोडपायची, की शंभर-शंभर लोक. मला पण हात बसलता. कुठं दणका दिला की लोक हसत्यात ते कळलतं. सुरुवातीला मोठ्ठ्यांच्या साइटी घ्यायचो — कारखाने, बँका. त्यांना काय फरक पडतोय? मग त्या संपल्या. दर आयतवारी नवीन कुठली आणणार? मग जे हाताला लागंल ते.

दोन हजार पाच. मे म्हैना. एक पत्र आलं. केरबा म्हणून गृहस्थ, आमच्या कुरुंदवाडचे. — व्हय, मी मूळचा कुरुंदवाडचा. आई आणि थोरली बहीण तिथंच, अव्वा आणि अक्का. आमी लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी. तर हे केरबा, एसटीत वाहतूक नियंत्रक हुते, रिटायर झालते. ओळख न्हवती माझी. लिवलंतं, ‘आपले लेख वाचून एक पान तयार केले आहे. वय झाल्यामुळे चुका असतील. कृपया दाखवाव्यात.’ उघडलं. कुरुंदवाड परिसर, रस्ते व पाणी माहिती. पिवळ्या जर्द रंगावर लाल अक्षरं, आणि ती लुकलुकणारी. वरनं एक पट्टी सरकतीय — आज वाडीच्या घाटाला पाणी कितव्या पायरीवर. चार कोपऱ्यात चार समया, हलत्या ज्योतीच्या. खाली शिरोळचा रस्ता, लाट गावचा रस्ता, नांदणीचा रस्ता, प्रत्येकाम्होरं चालू न्हायतर बंद, आणि वेळ. म्हातारा डेपोतल्या जुन्या लोकास्नी फोन करायचा आणि सायबर कॅफेत जाऊन बदलायचा. रोज. पावसाळ्यात तर दिसातनं तीनदा.

आता आयतवारला माझ्याजवळ कायच न्हवतं. दुसरं काय न्हवतं, एवढंच कारण. घेतलं ते. ‘डोळ्यांना समई लावून बघावे असे संकेतस्थळ.’ हे नाव दिलं लेखाला. म्हातारा एसटीत घंटी मारायचा, आता अक्षरांना मारतोय — असलं काय काय. त्र्याऐंशी कमेंटी. त्र्याऐंशी! माझ्या सगळ्या दहा वर्सात एका लेखाला येवढ्या कधी न्हाय आल्या. लोकं म्हाताऱ्याच्या वयावर घसरली, खेड्यावर घसरली. मी एक पण पुसली न्हाय. औषधाच्या पुसायचो की, ह्या न्हाय पुसल्या.

जूनमध्ये त्यांचं दुसरं पत्र. ‘आपण म्हणता ते बरोबर आहे. माझ्या पुतण्यानेही पुण्याहून फोन करून सांगितले की लोक हसत आहेत. पान काढून टाकले आहे. नीट शिकून पुन्हा करीन. कळावे.’ — आणि मी काय केलं सांगू? ते पत्र ब्लॉगवर छापलं. वर लिवलं, झाडूचा गुण आला, एक घाण कमी झाली. अजून हाय ते पान. तुमी वाचलं असंल.

न्हाय, त्येवढंच न्हाय. असं बघू नका माझ्याकडं, सांगतोय की. — ते पान मला नवं न्हवतं. त्यांनी पत्र धाडायच्या आदी वरीसभर मला ठावं हुतं. आदल्या पावसाळ्यात मी ते बघूनच घरी जायचो. शनिवारी कामावरनं सुटलो की कॅफेत शिरायचं, लाटेकडनं चालू हाय का शिरोळकडनं बघायचं, आणि गाडीला किक. एकदाबी चुकलं न्हाय. पिवळ्यावर लाल — लांबनं दिसायचं, चष्मा नसला तरी. कुणाचं हाय हे कधी विचार न्हाय केला. आणि लेखात लिवलं, ह्या पानाचा कुणाला काय उपयोग, देव जाणे. हे मी आजपतोर कुणाला बोललो न्हाय. सौंदर्याला पण न्हाय.

मग त्या सालचा म्हापूर. जुलैचा शेवट. अक्काचा फोन आला कारखान्यात, ‘सोमा, अव्वाला दम लागलाय, पाणी चढालंय, तिला घेऊन जा बाबा आजच.’ आणि मग अव्वानंच फोन घेतला. यावाग बर्ती, म्हणाली. कानडीत. कधी येणार तू. मी म्हणलं, निघालोच. त्यानंतर फोन बंद पडले तिथले. मालक भला माणूस, जीप दिली, ड्रायव्हर दिला. घर माझं इथंच नागाव फाट्याला, म्हणजे आमच्याकडनं नदी आडवी येत न्हाय, हातकणंगल्यापतोर सरळ रस्ता. तिथनं दोन वाटा — शिरोळकडनं जा न्हायतर इचलकरंजीवरनं लाटेकडनं जा. जीप सुरू करून ड्रायव्हर विचारतोय, कुठनं घेऊ? मी म्हणलं, थांब जरा, बघून येतो. कॅफेत पळालो. पत्ता तोंडपाठ हुता मला. टाकला.

पान सापडत न्हाय. — असं आलं. पांढऱ्यावर काळं, बारीक अक्षरात. एकदम स्वच्छ.

काढून टाकल्याचं पत्र मीच छापलतं, त्या घाईत ध्यानातच न्हवतं. दोनदा, तीनदा टाकलं. कॅफेवाल्याला म्हणलं तुजं नेट बंद हाय का. मग बाहेर आलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, शिरोळकडनं घे. आपल्या मनानंच. जवळचा म्हणून. शिरोळच्या पुढं पोलिसांनी अडवलं, छातीएवढं पाणी रस्त्यावर. कोण म्हणतोय उतरंल, कोण म्हणतोय चढंल. तीन तास थांबलो तिथं. मग मागं फिरून इचलकरंजीला गेलो, तर तिथला पूल तासाभरामागं बंद केलता. तासाभरामागं, पावणं! सकाळपासनं चालू हुता तो रस्ता. एसट्या जात हुत्या. पयल्यांदाच तिकडनं गेलो असतो तर बारा वाजता घरात असतो मी.

पाच दिवस मी अलीकडं, आणि त्या दोघी पलीकडं, शाळंच्या वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी अव्वा गेली.

च्या गार झाला तुमचा. दुसरा सांगू? — बरं.

आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. बसवून पुरतात. आणि सगळीकडं पाणी. आमची जागा पाण्याखाली, शेतं पाण्याखाली. अक्का एकटी बाई, प्रेताजवळ बसून, भाऊ न्हाय, कोण न्हाय, आणि पुरायला कोरडी जमीन न्हाय. तवा एक म्हातारा आला म्हणं शाळंत. गुडघ्याएवढ्या चिखलातनं. म्हणाला, बाई, हेरवाडकडं एक माळ हाय, तिथपतोर ट्रॅक्टर जातोय, मी बघून आलोय. त्यानंच ट्रॅक्टर आणला, त्यानंच चार माणसं गोळा केली. खड्डा काढताना स्वतः खोरं घेतलं. मंत्र म्हणाय स्वामी न्हवते, तर अक्काला म्हणाला, तुमच्यातलं काय म्हणायचं असतंय ते तुमीच म्हणा. तिनंच म्हणलं. — सहाव्या दिवशी मी पोचलो तर अक्का सांगाय लागली, आणि नाव सांगितलं. केरबा. एसटीतले.

गेलो त्यांच्या घरी. जाणारच की. भिंतीवर छातीएवढी पाण्याची खूण, अंगणात गाद्या वाळत घातलेल्या. मी पाय धराय वाकलो तर उठवलं मला. नाव सांगितलं माझं. तर म्हणाले, ‘सोमेश म्हणजे कोरं पानवाले? अहो, तुमचंच वाचून शिकलो की मी!’ बायकोला हाक मारली, ‘अगं अंबू, बघ कोण आलंय, माझे गुरुजी आलेत.’ गुरुजी. अंबूबाईंनी पाट मांडला, च्या केला. मी म्हणलं, मामा, ते पान… मी चुकलो. तर हात हलवला त्यांनी. ‘न्हाय न्हाय, रंग भडकच हुता. मलाबी नंतर वाटलं. लाल अक्षर का केलं सांगू, आमच्या डेपोतल्या फळ्यावर बंद गाडी लाल खडूनं लिवायचो, तेच डोक्यात.’ मी म्हणलं, परत करूया, मी करून देतो. म्हणाले, ‘आता नगो. आता लोकं फोनच करतात मला, बरं पडतंय. आणि वाकडंतिकडं कोण बोललं तर अंबूला वाईट वाटतंय. तवा रडली ती.’ येवढंच. त्या बाई आत हुत्या. माझ्या म्होरं कपबशी ठेवली आणि आत गेल्या, परत बाहेर आल्या न्हाईत.

त्यानंतर पण मी चार वर्सं ब्लॉग लिवला की. का लिवला? — काय सांगू. ‘झाडू’ बंद केला, लोकं ओरडली, मग वाचायचीच बंद झाली. मी रंगाचे धडे लिवत बसलो. म्हाताऱ्या माणसाला लांबनं दिसंल असं पान कसं करावं, ह्यावर सतरा लेख लिवले. कोण वाचतंय? काउंटर हलायचा न्हाय. आणि काउंटर हलायचा तो त्याच एका पानाचा, समईच्या. आजबी तेच सगळ्यात जास्त वाचलं जातंय. तुमी मगाशी पाच लेख सांगितलंसा न्हवं, आवडते म्हणून — त्यात दुसरं तेच हुतं. 

पुसून टाका म्हणता? पुसलं तर मग उरलं काय? केलंय हे कुठं लिवलेलं तरी असू दे.

डॉक्टर म्हणतात, अव्वाचं हृदयच कमजोर हुतं, कोल्हापुरात आणली असती तरी सांगता येत न्हाय. म्हणू देत. मी काय त्या रस्त्यावर परत जाऊन बघू शकतोय व्हय?

अक्का अजून विचारती. भांडून न्हाय, सहज, भाकरी वाढता वाढता. ‘सोमा, इचलकरंजीकडनं लोकं येत हुती रे त्या दिवशी दुपारपतोर. तू का न्हाय आलास?’ मी सांगतो, कळलंच न्हाय गं अक्का, कुठला चालू हाय. ती म्हणती, ‘व्हय की. कोण सांगणार तुला.’

— भोंगा झाला. उठतो मी. जावा पावणं, पुण्याची गाडी फाट्यावर थांबती, सरळ जावा.